जुना डीएसएलआर घ्यायचाय आणि बजेट आहे तीस-चाळीस हजार. बुलढाण्यातल्या फोटोग्राफरनं कोणती बॉडी निवडावी?

तुळशीचं लग्न लागलं की बुलढाणा जिल्ह्यातल्या मंगल कार्यालयांच्या तारखा भरायला लागतात. चिखली असो, मेहकर असो, नाहीतर मलकापूर-खामगावचा पट्टा असो, लग्नसराई उघडली की फोटोवाल्याला दम खायला वेळ नसतो. आणि बरोबर त्याच सुमारास फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘५डी मार्क ३, बॉडी ओन्ली, शटर काउंट कमी, सिंगल हँड, अर्जंट सेल.’

खाली लगेच पहिला रिप्लाय, ‘भाऊ, लास्ट किती?’

पुण्या-मुंबईत बसलेल्या माणसाला हा साध्या जुन्या वस्तूचा सौदा वाटेल. पण बुलढाण्यात सात-आठ वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली लाइट धरून, मग स्वतःच्या ऑर्डरी घ्यायला निघालेल्या पोराच्या दृष्टीनं हा धंद्यात उतरायचा दरवाजा आहे. चुकीची बॉडी घेतली तर एक अख्खा सीझन जातो. आणि गावातली पहिलीच ऑर्डर बिघडली, तर दुसरी मिळायला किती वेळ लागतो हे वेगळं सांगायला नको.

म्हणून विषय नीट समजून घेऊया.

आधी हे कळलं पाहिजे की एवढे कॅमेरे विकायला निघाले कसे?

झालंय असं की कॅमेऱ्याची दुनिया गेल्या सात-आठ वर्षांत आतून बदलली. डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागं एक आरसा असतो, त्यावरून प्रकाश वळून डोळ्यापर्यंत जातो. मिररलेसमध्ये तो आरसाच नाही, सेन्सरवर जे दिसतं ते थेट स्क्रीनवर. सोनीनं हे आधीच सुरू केलं होतं. २०१८ मध्ये कॅननची आरएफ आणि निकॉनची झेड अशा दोन्ही नव्या मालिका आल्या आणि जुन्या मालिकांचं काय होणार हे स्पष्ट झालं.

जपानी कॅमेरा कंपन्यांची सिपा नावाची संघटना दरवर्षी किती कॅमेरे कारखान्याबाहेर पडले याचे आकडे देते. २०१० मध्ये सगळे डिजिटल कॅमेरे मिळून आकडा १२ कोटींच्या वर होता. २०२४ मध्ये तो राहिला साधारण ८५ लाख. साधे खिशातले कॅमेरे मोबाइलनं खाल्ले, हे आपल्याला माहितीच आहे. पण डीएसएलआरचं काय? २०१२ मध्ये वर्षाला दीड कोटींच्या वर डीएसएलआर बाहेर पडत होते. २०२४ मध्ये साधारण दहा लाख. मिररलेस त्याच्या पाचपटीहून जास्त.

याचा अर्थ असा, की नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगरचे मोठे स्टुडिओ मिररलेसवर गेले, आणि त्यांनी सोडलेल्या बॉड्या खाली सरकल्या. आधी मोठ्या शहरातल्या छोट्या स्टुडिओकडं, तिथून जिल्ह्याच्या गावाला, तिथून तालुक्याला. ५डी मार्क ३ चंच घ्या. २०१२ मध्ये हा कॅमेरा अमेरिकेत ३,४९९ डॉलरला आला होता, म्हणजे तेव्हाच्या दरानं पावणेदोन लाखांच्या आसपास. आज तो तालुक्याच्या गावातला फोटोग्राफरही घ्यायचा विचार करू शकतो.

ही संधी आहेच. पण विकणारा का विकतोय, हेही त्यात आलं. त्याला आता त्याचा उपयोग उरलेला नाही. मग तुम्हाला किती वर्षं राहील, हा खरा प्रश्न.

पैशाचं गणित सोयाबीनमध्ये करून बघा

समजा बॉडीला ३५ हजार घालायचे आहेत. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव आहे क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे साडेसहा क्विंटल सोयाबीन. तेही हमीभाव हातात पडला तर. बाजारात तो पडतोच असं नाही, हे शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही ठाऊक आहे.

ही तुलना उगाच केलेली नाही. आपल्याकडं फोटोग्राफरची ऑर्डरसुद्धा सोयाबीन-कापसावर चालते. पीक हातचं गेलं की लग्न थांबत नाही, पण अल्बमची पानं कमी होतात, प्री-वेडिंग रद्द होतं, आणि दोन कॅमेऱ्यांच्या जागी ‘एकच आणा दादा, जमेल ना?’ होतं. म्हणून शहरातला यूट्यूबर जेव्हा सांगतो की ‘थोडं ताणून वरचं मॉडेल घ्या’, तेव्हा ते ताणणं इथं परवडत नाही.

आणि इथंच सगळ्यात मोठी गफलत होते. बजेट चाळीस हजार असेल तर लोक चाळीसची बॉडी शोधतात. मग लेन्स? मित्राची. फ्लॅश? जुना आहे. बॅटरी? एक मिळाली सोबत. कार्ड? मोबाइलचंच अडॅप्टर लावून.

माझं मत विचाराल तर बॉडीवर बजेटच्या निम्म्याहून फार जास्त जाऊ देऊ नये. का, ते पुढच्या हिशेबात कळेल.

जुनी फुल फ्रेम की त्यामानानं नवी क्रॉप?

ग्रुपवरचं सगळ्यात मोठं भांडण हेच. ‘फुल फ्रेम ती फुल फ्रेमच’ म्हणणारे एका बाजूला, दुसरीकडं क्रॉपवाले.

फुल फ्रेम सेन्सर असतो ३६ बाय २४ मिलिमीटर. निकॉनचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६, कॅननचा त्याहून किंचित लहान. क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेम हा निकॉनच्या क्रॉपपेक्षा सव्वादोन पटीहून थोडा मोठा आणि कॅननच्या क्रॉपपेक्षा अडीच पटीहून थोडा मोठा. म्हणजे त्याच उजेडात त्याला दोन-अडीच पट प्रकाश जास्त मिळतो. रात्रीच्या वरातीत, लॉनवरच्या पिवळ्या बल्बांत हा फरक डोळ्यांना दिसतो. खोटं नाही.

आता लेन्सकडं या. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची साधी किट लेन्स झूम केली की तिचं तोंड एफ ५.६ वर येतं. पन्नास एमएमची १.८ ही कॅनन-निकॉन दोघांच्याही सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक. तिचं तोंड एफ १.८ पर्यंत उघडतं. हा आकडा लहान होईल तसा प्रकाश वाढतो, आणि वर्गानं वाढतो. ५.६ ला १.८ नं भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा. उत्तर येतं साडेनऊच्या वर.

म्हणजे महागडी फुल फ्रेम बॉडी दोन-अडीच पट प्रकाश देते आणि स्वस्तातली एक लेन्स नऊ-दहा पट. फुल फ्रेम घेऊन त्यावर मार खाल्लेली, एफ ४ ते ५.६ ची झूम लावली, तर क्रॉप बॉडीवर पन्नास १.८ लावणारा शेजारी तुमच्यापुढं जातो.

पण थांबा, हे पूर्ण सत्य नाही. क्रॉपवर पन्नासची लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५-८० एवढी जवळ जाते. नवरीच्या चेहऱ्यासाठी, मेंदीच्या हातासाठी ती झकास. पण स्टेजवर नवरदेवाच्या आत्याचा अख्खा परिवार उभा राहिला, मागं खुर्च्या आणि पुढं शेजाऱ्याची पोरं, तिथं मागं सरकायला जागाच नसते. तिथं किट लेन्सच लागते, आणि तिच्यासोबत फ्लॅश. चांगला फ्लॅश असला की सेन्सर जुना का नवा हे कुणी विचारत नाही. स्टेजवरचे निम्म्याहून जास्त फोटो फ्लॅशवरच तर निघतात.

म्हणून चाळीस हजारांत क्रॉप बॉडी, किट लेन्स, पन्नास १.८, एक फ्लॅश आणि जादा बॅटरी, हा संच मला त्याच पैशात येणाऱ्या नुसत्या फुल फ्रेम बॉडीपेक्षा बरा वाटतो. बजेट पन्नास-साठपर्यंत जात असेल आणि लेन्स-फ्लॅश आधीपासून घरात असतील, तर फुल फ्रेमचा विचार करा.

आता नावं घेऊन बोलूया

फोटोचंच काम असेल आणि फुल फ्रेम घ्यायचीच असेल, तर तीन नावं सारखी समोर येतात.

कॅनन ६डी हा २०१२ चा. कमी उजेडात छान. पण फोकसचे पॉइंट फक्त अकरा, आणि त्यातला मधलाच खात्रीचा. कार्डचा खण एकच. म्हणजे ते एक कार्ड उडालं की लग्न उडालं. ५डी मार्क ३ ला पॉइंट ६१, कार्डचे खण दोन. बांधणी भक्कम. पण या बॉड्या बहुतेक लग्नाच्या कामातच राबलेल्या असतात, आणि शटर पार घासलेलं असू शकतं.

निकॉन डी७५० हा २०१४ चा, २४ मेगापिक्सल, ५१ पॉइंट, एसडी कार्डचे दोन खण, वाकणारी स्क्रीन. फोटोपुरतं बोलायचं तर या तिघांत माझं मत यालाच. एक गोष्ट मात्र बघायचीच. या मॉडेलच्या काही बॉड्यांच्या शटरमध्ये दोष होता आणि २०१५ मध्ये निकॉननं त्या दुरुस्तीसाठी परत मागवल्या, पुढं त्याची व्याप्तीही वाढवली. विकणाऱ्याकडून सिरियल नंबर घ्या आणि निकॉनच्या साइटवर तपासा. नंबर द्यायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नका.

डी६०० स्वस्त दिसतो, पण त्याच्या सेन्सरवर शटरमधून डाग उडायचे. प्रकरण एवढं वाढलं की निकॉननं २०१४ मध्ये वॉरंटी संपलेल्या बॉड्याही फुकट दुरुस्त करून द्यायची घोषणा केली. त्याआधीच २०१३ मध्ये डी६१० आणला होता. दोन्ही जवळपास सारखेच, त्यामुळं घ्यायचा तर ६१० घ्या.

पण आज फोटोचंच काम किती जणांना मिळतं? लोकांना रील पाहिजे. हळदीची रील संध्याकाळी स्टेटसला नाही लागली तर पाहुणे विचारतात. आणि व्हिडिओत डीएसएलआरची खरी परीक्षा होते. आरसा वर गेला की जुन्या बॉड्यांचं फोकस चाचपडायला लागतं, समोरचा माणूस चालत आला की चित्र आत-बाहेर होतं. डी७५०, डी७२०० फोटोत कितीही भारी असले तरी व्हिडिओत याच ठिकाणी मागं पडतात.

इथं कॅननची बाजू वरचढ आहे. २०१३ च्या ७०डी मध्ये त्यांनी ड्युअल पिक्सल नावाचं तंत्र आणलं, ज्यात सेन्सरच फोकस शोधतो. माणूस मंडपातून चालत येतो आणि फोकस त्याच्यासोबत येतं. २०१६ च्या ८०डी मध्ये तेच जास्त सुधारलं, सोबत २४ मेगापिक्सल, ४५ फोकस पॉइंट, बाहेरचा माइक आणि हेडफोन दोन्ही लावायची सोय. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही एकाच बॉडीवर करणाऱ्या, नव्यानं धंद्यात येणाऱ्यासाठी ८०डी हाच मला सगळ्यात शहाणा सौदा वाटतो. त्याहून कमी पैसे असतील तर ७०डी. २०१७ चा २००डी सुद्धा याच तंत्राचा आहे, पण तो हातात लहान आणि त्याची बॅटरी छोटी.

या सगळ्यांत ४के नाही, हे लक्षात ठेवा. ग्राहक ४के मागतो खरा. पण पेनड्राइव्ह मिळाल्यावर तो मोबाइलवरच बघतो, हेही खरं.

अजून एक. यातल्या बहुतेक डीएसएलआरचं रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप बंद पडतं. कारण गमतीशीर आहे. युरोपात सलग तीस मिनिटं किंवा त्याहून जास्त रेकॉर्ड करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरलं जायचं आणि त्यावर जास्त कर लागायचा, म्हणून कंपन्यांनी एक सेकंद अलीकडं कुंपण घातलं. मंगलाष्टकांना अर्धा तास लागत नाही. पण आशीर्वाद द्यायला आमदार-खासदार आले आणि माइक हातात आला, तर घड्याळाकडं लक्ष ठेवा.

स्वस्त मिररलेसचं काय?

‘तेवढ्याच पैशात मिररलेस येतोय की’ असंही कुणी सांगेल. येतो. सोनी ए६००० आहे, कॅनन एम५० आहे. ए६००० फोटोला चपळ आहे, पण त्याला बाहेरचा माइक लावायची जागाच नाही आणि बॅटरी लवकर संपते. लग्नाच्या व्हिडिओला तो घेऊन काय करणार? एम५० ला माइक लागतो, रीलसाठी तो चांगलाही आहे. पण तो ज्या ईएफ-एम मालिकेतला, ती मालिकाच कॅनननं बंद केली. तिच्या लेन्सा ना जुन्या डीएसएलआरला बसतात, ना नव्या आरएफला.

याउलट कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्सा कंपनीचा अडॅप्टर लावून नव्या आरएफ बॉड्यांवर फोकससकट चालतात. उद्या चार पैसे आले आणि जुना आरपी घ्यावासा वाटला, तर आज घेतलेली पन्नास १.८ कामी येते. निकॉनमध्येही अडॅप्टर आहे, पण एक मेख आहे. ‘डी’ प्रकारच्या जुन्या स्वस्त लेन्सांमध्ये मोटर नसते, ती बॉडीत लागते. डी७२००, डी६१०, डी७५० मध्ये ती आहे. डी३००० आणि डी५००० च्या मालिकांमध्ये नाही, आणि झेडच्या अडॅप्टरमध्येही नाही. तिथं फोकस हातानं फिरवत बसावं लागतं. अजून उलटी मेख म्हणजे नव्या ‘एएफ-पी’ किट लेन्सा डी९० किंवा डी७००० सारख्या जुन्या बॉड्यांवर चालतच नाहीत. लेन्स बसते, चालत नाही. सौदा करताना लेन्सवर काय लिहिलंय ते वाचा.

कॅननमध्येही एक खड्डा आहे. ‘ईएफ-एस’ लिहिलेली किट लेन्स ६डी किंवा ५डी ला बसत नाही. क्रॉपवरून फुल फ्रेमवर जाताना ती लेन्स घरी राहते आणि अचानक नव्या झूमचा खर्च उभा राहतो.

आणि ज्यांचं बजेट पंधरा-वीसच्या आत आहे त्यांच्यासाठी एक इशारा. २०१८-१९ मधल्या कॅननच्या काही स्वस्त मॉडेलांत, म्हणजे १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ मध्ये, वर फ्लॅश लावायच्या जागेतली मधली पिनच काढून टाकली. म्हणजे आपल्याकडं सर्रास वापरले जाणारे साधे, स्वस्त ट्रिगर आणि फ्लॅश त्यावर पेटतच नाहीत. स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढणाऱ्यालाही याचा फटका बसतो. त्यापेक्षा जुना ६०डी किंवा ७०डी बरा.

जंगलाचा नाद असेल तर गणित उलटं होतं

बुलढाण्यात लग्नाशिवाय दुसराही एक वर्ग आहे, ज्ञानगंगा आणि अंबाबरवा अभयारण्यांत जाणारा. यवतमाळच्या टिपेश्वरमध्ये जन्मलेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ शेकडो किलोमीटर चालून २०१९ च्या शेवटी ज्ञानगंगात पोचला, तेव्हापासून हा नाद वाढला. इथं क्रॉप सेन्सर फायद्याचा, कारण ३०० एमएमची लेन्स ४५० सारखी काम करते. डी७२०० किंवा ८०डी पुरेत. लोणार सरोवराच्या फोटोला तर काठावर उभं राहून कुठलीही बॉडी चालते, तिथं कसोटी सकाळी लवकर उठण्याची आहे.

बघायला गेल्यावर काय बघायचं?

विकणारा पहिलं वाक्य बोलतो शटर काउंटचं. शटर किती वेळा उघडलं त्याचा आकडा. ६डी, ७०डी, ८०डी ची कंपनीनं सांगितलेली शटरची क्षमता एक लाख, ५डी मार्क ३, डी७२०० आणि डी७५० ची दीड लाख. ही काही गॅरंटी नाही, कुणाचं आधी जातं, कुणाचं दुप्पट चालतं. पण एका लग्नात दोन-अडीच हजार क्लिक धरले आणि वर्षाला तीस लग्नं, तर वर्षाचे साठ-पंचाहत्तर हजार होतात. आता हिशेब तुम्हीच करा.

निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच लपलेला असतो, ताजा फोटो काढून मोफत साइटवर टाकला की दिसतो. कॅननच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये तो फाइलमध्ये नसतो. केबल लावून कॉम्प्युटरवर वेगळं सॉफ्टवेअर चालवावं लागतं. म्हणून कुणी ‘हे बघा, फाइल नंबर ४५२१ आहे, म्हणजे साडेचार हजारच चाललाय’ असं सांगितलं तर हसून चहा घ्या आणि निघा. तो नंबर दहा हजारांच्या आत फिरत राहतो.

आणि काउंट कमी म्हणजे कॅमेरा कमी वापरलेला, असंही नाही. व्हिडिओवाल्याच्या बॉडीत शटर फारसं हलत नाही, सेन्सर मात्र तासन्‌तास तापत राहतो. त्याची खूण बघायला लेन्सचं झाकण लावून दहा-पंधरा सेकंदांचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. लाल-निळे ठिपके खूप असतील तर समजून जा. मग एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा, त्यावर सेन्सरवरचे डाग दिसतात. धूळ साफ होते. ओरखडा साफ होत नाही.

आपल्या भागातल्या बॉड्यांचा एक खास आजार आहे, तो म्हणजे हळद. हळदीच्या कार्यक्रमात फिरलेल्या कॅमेऱ्याच्या बटणांच्या कडा पिवळ्या असतात, डायल फिरवताना अडकतो. वरातीतला गुलाल, आता नव्यानं आलेले धुराचे फवारे, हे सगळं आत जातं. प्रत्येक बटण दाबून बघा, प्रत्येक डायल दोन्हीकडं फिरवा. मुंबई किंवा कोकणातून आलेला माल असेल तर व्ह्यूफाइंडरमधून उजेडाकडं बघा. जाळीसारखी पांढरट बुरशी दिसली तर नको. आणि जिथं सीएफ कार्ड लागतं, तिथं खणाच्या आत टॉर्च मारून बारीक पिना सरळ आहेत का ते बघा.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी मात्र कुणीच करत नाही. कॅमेऱ्याच्या तळाला सिरियल नंबर छापलेला असतो. तोच नंबर कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्येही लिहितो. दोन्ही जुळवून बघा. जुळले नाहीत तर दोन कॅमेऱ्यांचा एक केलाय, किंवा त्याहून वाईट काहीतरी आहे.

चोरीचा निघाला तर?

मोबाइल चोरीला गेला तर संचार साथी पोर्टलवरून तो ब्लॉक करता येतो, घेणाऱ्यालाही आयएमईआय तपासता येतो. कॅमेऱ्याला असं काहीच नाही. त्यामुळं चोरीचा कॅमेरा फिरवणं सोपं. आणि कायदा घेणाऱ्यालाही सोडत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना तो घेतला, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निम्म्या किमतीत, बिल नाही, डबा नाही, रात्रीच व्यवहार करायचा, ही ‘कारणं’च आहेत.

मूळ बिल असेल तर उत्तम. नसेल तर साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, पत्ता, सिरियल नंबर, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या, सोबत त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स. पैसे रोख न देता यूपीआयनं द्या, नोंद राहते. दुकानदाराकडून घेत असाल तर पक्कं बिल मागा. नव्या कॅमेऱ्यावर पूर्ण किमतीवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला फक्त त्याच्या नफ्याच्या फरकावर जीएसटी भरायची मुभा नियमातच आहे. त्यामुळं ‘बिल पाहिजे असेल तर १८ टक्के वर लागतील’ हे वाक्य ऐकलं की घासाघीस करायला तुमच्याकडं मुद्दा आहे.

ब्रँडचं भांडण गावातच मिटवा

कॅनन की निकॉन, याचं उत्तर इंटरनेटवर शोधू नका. तुमच्या गावात, तुमच्या तालुक्यात जे चार फोटोग्राफर तुमचे मित्र आहेत, त्यांच्याकडं काय आहे? तेच घ्या. ऐन लग्नात बॅटरी गेली, लेन्स पडली, ट्रिगर पेटेना झाला, तर अर्ध्या तासात मदत त्यांच्याकडूनच येणार. ६डी, ५डी मार्क ३, ७०डी, ८०डी या सगळ्यांना एकच एलपी-ई६ बॅटरी लागते. डी७२००, डी६१०, डी७५० ला एकच ईएन-ईएल१५. ही छोटी गोष्ट सीझनमध्ये फार मोठी ठरते.

कारण दुरुस्ती जवळ नाही. तालुक्याचा कारागीर सेन्सर पुसून देईल, एखादं बटण बदलेल. पण शटर किंवा बोर्ड गेलं तर बॉडी मोठ्या शहरात पाठवावी लागते, आणि तोवर ऑर्डर दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर. वर डीएसएलआरचं उत्पादनच आटत चाललंय, म्हणजे सुटे भागही आटत जाणार. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हा विषय हाती घेतला, पोर्टलही आलं. पण सुरुवातीला त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं हीच चार क्षेत्रं घेतली. धंद्याच्या कॅमेऱ्याचा त्यात वेगळा विचार नव्हता. म्हणून जे मॉडेल भरपूर विकलं गेलं तेच घ्या, निदान त्याचे भाग दुसऱ्या मेलेल्या बॉडीतून तरी निघतात.

पैसे कमी पडत असतील तर खासगी सावकार किंवा ॲपवरचं कर्ज घेण्याआधी बँकेत मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटाची चौकशी करा. पन्नास हजारांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय देण्याची त्यात तरतूद आहे, आणि फोटो स्टुडिओ हा सेवा व्यवसायात मोडतो. मात्र बँक कोटेशन मागते, त्यामुळं तिथं ओळखीच्या माणसाकडून घेण्यापेक्षा बिल देणाऱ्या दुकानातून घेणं सोयीचं पडतं.

शेवटचा मुद्दा वेळेचा. हा मेसेज ग्रुपवर तुळशीच्या लग्नानंतर फिरतो तेव्हा घेणारेही तेवढेच असतात, विकणारा ताठ असतो. आषाढ लागला की लग्नं थांबतात, पेरणीला पैसा लागतो, आणि तीच बॉडी तोच माणूस खाली उतरून द्यायला तयार होतो. घाई नसेल तर हा सीझन भाड्याच्या बॉडीवर काढा. जी घ्यायची मनात आहे तीच भाड्यानं आणा, तीन-चार लग्नं त्यावर करून बघा. आणि जून-जुलैत सौदा ठरेल तेव्हा कागदावर एवढं लिहून घ्या, की आठ दिवसांत बॉडीत दोष निघाला तर पैसे परत.